नानांची राहिलेली बावीस पानं

हरवलेली वस्तू शोधावी तर मीच, असं माझं स्वतःबद्दल फार पूर्वीपासूनचं मत आहे. चष्मे, चाव्या, गॅसचं पुस्तक, आमच्या लग्नात नवऱ्याच्या, म्हणजे निहारच्या, मोजडीचा डावा पाय, हे सगळं मी शोधून दिलेलं आहे. अलकापुरीतल्या आमच्या ऑफिसात कुणाची फाइल सापडेनाशी झाली की लोक देवाकडे न जाता थेट माझ्या टेबलाशी येतात. त्यामुळे त्या गुरुवारी नानांचं पुस्तक घरातून गेलं, तेव्हा मी गवार मोडता मोडताच म्हटलं, "पुस्तकच ना, नाना? उद्या ऑफिसातून येताना दुसरं घेऊन येते. संध्याकाळच्या चहाला तुमच्या हातात."

पुस्तक 'गेलं' असं मी म्हणतेय, पण खरं तर ते मी विकलं होतं.

नाना म्हणजे माझे सासरे, लक्ष्मीकांत दिघे. वय अठ्ठ्याहत्तर, बडोद्याच्या कोर्टात पस्तीस वर्षं इंग्रजी स्टेनो. दुपारी वाचता वाचता झोप आली की पुस्तक वर्तमानपत्रात ठेवायचं, घडी घालायची आणि आडवं व्हायचं, ही त्यांची सवय. त्या दिवशी मी सुट्टी घेऊन घर आवरायला काढलं होतं. खालून पस्तीवाल्याची हाक आली. रद्दीला आम्ही घरातही पस्तीच म्हणतो, बडोद्यात राहून दुसरं काय म्हणणार. मी खुर्चीवरचे, नानांच्या उशाजवळचे, कपाटावरचे सगळे पेपर बांधले आणि देऊन टाकले. नाना उठले, त्यांनी उशाशी चाचपलं, आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जसं कोर्टात आरोपीकडे बघत असावेत.

एरवी यावर दोन दिवस अबोला झाला असता आणि संपलं असतं. पण आदल्याच दिवशी डॉक्टरांनी नानांना पेसमेकर बसवायचं ठरवलं होतं. नानांची नाडी चाळिशीच्या आत आली होती आणि दोनदा चक्कर येऊन गेली होती. रविवारी संध्याकाळी दाखल व्हायचं, सोमवारी सकाळी पेसमेकर. डॉक्टर म्हणाले होते, "तासाभराचं काम आहे, घाबरू नका. पण ढकलूही नका. मधे परत चक्कर आली तर वाट बघायची नाही, सरळ इकडे आणायचं."

"मी सोमवारी येणार नाही," नाना म्हणाले.

"का?"

"बावीस पानं राहिली आहेत."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण नाना थट्टा करत नाहीत. कोर्टात राहून त्यांची ती सवय मोडली आहे.

आता त्या पुस्तकाबद्दल सांगते. नाना वाचतात एकाच माणसाला. हा एक अमेरिकन लेखक आहे. आमच्याकडे त्याला 'अमेरिकन काका' म्हणतात. लेखक कसला, कारखानाच तो. त्याने चौऱ्याण्णव कादंबऱ्या लिहिल्या आहेत, सगळ्या खुनाच्या. नानांनी त्यातल्या सत्तरेक वाचल्यात. प्रत्येक मुखपृष्ठावर धुकं असतं आणि धुक्यात एक पाठमोरी बाई. आत एक लहानसं गाव असतं, गावात एक तळं, तळ्याकाठी कुणीतरी मरतं, आणि कालच निवृत्त झालेला एक पोलीस कॉफी पीत बसलेला असतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दार उघडतं. दारात कोण आहे ते पुढच्या प्रकरणात. नानांच्या मते एवढं एक दार उघडता येणं हीच या माणसाची विद्या.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी समोरच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. "नाम शुं, बेन?" दुकानदाराने विचारलं.

इथे पहिली अडचण आली. पुस्तक जुन्या बाजारातलं, मुखपृष्ठ कधीच गेलेलं, सुरुवातीची दोन पानंही गेलेली, वर खाकी कव्हर. नाव नानांनाच माहीत नव्हतं.

"नाव माहीत नाही," मी म्हटलं. "पण एक गाव आहे, तिथे तळं आहे, आणि तळ्यात एक बाई मेलेली सापडते."

त्याने शांतपणे अख्ख्या फळीवरून हात फिरवला. "बधामां ए ज छे, बेन."

खरंच होतं. सगळ्यांत तेच होतं. मी मागची माहिती वाचून त्यातल्या त्यात ओली वाटणारी तीन पुस्तकं निवडली आणि विजयी मुद्रेने घरी आले. नानांनी चष्मा लावला. पहिलं उघडलं, मिटलं. "हे मी चौऱ्याऐंशी साली वाचलंय." दुसरं उघडलं. "यात तळं नाही, समुद्र आहे." तिसरं उघडलं आणि पहिल्याशेजारी ठेवलं. "हे आणि ते एकच. अमेरिकेत एका नावाने निघालं, विलायतेत दुसऱ्या. तीन पुस्तकांत तू दोनच आणलीस, अस्मिता."

शनिवारी मी इंटरनेटवर बसले. अमेरिकन काकांच्या वाचकांचा एक जगभराचा गट निघाला. मी लिहिलं, तळं, बोटी ठेवायची खोली, शाळेत गाणं शिकवणारी बाई, गावातला केमिस्ट, पोस्टमास्तर, बाईचा भाऊ. मारलं कोणी? दहा मिनिटांत कुणीतरी छातीठोक उत्तर दिलं: केमिस्टने, विष देऊन.

मला इतकं हायसं वाटलं की माझी अक्कल तिथेच थांबली. मी नानांना सांगितलं की ऑफिसातल्या दीप्तीकडे नेमकं तेच पुस्तक निघालं, मी शेवट वाचला, आणि आता ऐका.

"तू स्वतः वाचलास?" नानांनी विचारलं.

"हो."

"सगळी बावीस पानं?"

"हो. केमिस्टने मारलं."

"कशाने?"

"विषाने."

नानांनी चष्मा काढला. "केमिस्ट सहाव्या प्रकरणात मेला. त्याच्या दफनाला मी चार पानं उभा होतो. आणि बाई बुडून मेली, तू सांगतेस तसं विष तिला कुणी पाजलेलं नाही."

मी म्हटलं, बहुधा दुसरं पुस्तक असेल. नानांनी कूस बदलली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी खोटं बोलले याचं त्यांना आश्चर्यही वाटलं नव्हतं, हे मला जास्त लागलं.

निहार दुपारी कोयलीहून रिफायनरीची पहिली पाळी करून आला. मी सगळा राग त्याच्या चहाच्या कपाबरोबर त्याच्यापुढे आदळला. "तुझ्या वडिलांचं हृदय बंद पडायला आलंय आणि त्यांना तळ्यातल्या बाईची पडलीय. हा काय हट्ट आहे?"

निहारने कप सरळ ठेवला, सांडलेला चहा पुसला. मग म्हणाला, "तुला आईचं माहीत नाही ना सगळं."

माझ्या सासूबाई, नलिनीताई, माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या. पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनला गेल्या आणि परत आल्या नाहीत, एवढंच मला माहीत होतं. निहारने पुढचं सांगितलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. नाना रोज संध्याकाळी त्यांना अमेरिकन काकांची एकेक कादंबरी मराठीतून सांगायचे, रोज एक प्रकरण. त्यात शेरीफचा फौजदार व्हायचा, तळ्याचं बडोद्यातलं सुरसागर व्हायचं, आणि खुनी माणूस नेमका नलिनीताईंच्या नावडत्या नातेवाइकासारखा बोलायचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोन प्रकरणं उरली होती. नाना म्हणाले, आज संपवून टाकू. त्या म्हणाल्या, दमले आता, आल्यावर सांगा.

"तेव्हापासून नाना गावाला जायचं असलं तरी हातातलं पुस्तक संपवून निघतात," निहार म्हणाला. "आम्ही कुणी त्यावर बोलत नाही."

मी मोरीत जाऊन नळ सोडून जरा वेळ उभी राहिले.

रविवारी निहारची पुन्हा पहिली पाळी होती. तो गेल्यावर मी पस्तीवाल्याला गाठलं. त्याचं गोदाम मांडवीच्या मागे आहे. अशा वेळी आधी पस्तीवाल्याकडे जावं हे लहान मुलालाही सुचलं असतं. मला तीन दिवसांनी सुचलं. तो म्हणाला, इंग्लिश चोपडी मी फाडत नाही, सावली गावचा एक भाई दर शुक्रवारी येऊन घेऊन जातो. परवाच नेली. त्याने नंबरही दिला.

मी तिथेच उभी राहून फोन लावला आणि आनंदाच्या भरात गुजरातीत सुटले. तुमच्याकडे आमची एक वस्तू आलीय, मला ती नको, मला फक्त एवढंच सांगा, बाईला पाण्यात बुडवून कोणी मारलं?

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग मोडक्या गुजरातीत, "में कशुं नथी कर्युं, बेन." मी काही केलेलं नाही. आणि फोन बंद. नंतर तो लागलाच नाही.

पस्तीवाल्याला एवढंच माहीत होतं की हा माणूस सावलीत बसस्टँडच्या मागच्या खोल्यांमध्ये राहतो. मी घरी आले, नानांना सगळं खरं खरं सांगितलं, फोनचंही, आणि म्हटलं, मी दोन तासांत जाऊन येते. नाना चपला घालून खाली गेले आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले.

"नाना, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तू एकटी गेलीस तर पुन्हा कुठला तरी केमिस्ट घेऊन येशील."

निहारला कळवलं असतं तर तो नको म्हणाला असता, आणि बरोबर म्हणाला असता. मी कळवलं नाही. हॉस्पिटलची पिशवी तयारच होती, ती डिकीत टाकली आणि समा-सावली रस्त्याला लागले. नाना खिडकीतून शेतं बघत होते. चेहरा बरा दिसत होता.

सावलीतल्या त्या खोल्यांपैकी शेवटच्या खोलीचं दार आम्हाला बघताच आतून लागलं. मी वाजवलं. आतून पुन्हा तेच, "में कशुं नथी कर्युं."

"अस्मिता, माणूस घाबरलाय," नाना म्हणाले. "तू जरा मागे हो."

दार लगेच किलकिलं झालं. "मराठी हाय व्हय तुमी?"

धनाजीराव तासगावकडचे. इथल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. बायको-मुलं गावाकडे, हे खोलीत एकटे. सुपरवायझर व्हायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, म्हणून पस्तीतली इंग्रजी पुस्तकं आणून, शेजारी डिक्शनरी ठेवून, शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारत वाचत बसतात. माझा फोन त्यांना पोलिसांचा वाटला होता. "बाई कुणी मारली म्हनून इचारल्यावर मानूस दुसरं काय समजंल, ताई? रातभर आठवत हुतो, बडोद्यात आपन कुटं कुटं गेलतो." फोन त्याच दिवशी सकाळचा, मग त्यांनी रात्र कधी काढली ते मी विचारलं नाही. घाबरलेल्या माणसाला वेळेचा हिशेब मागू नये.

खाकी कव्हरचं पुस्तक त्यांच्या उशाशीच होतं. ते अकराव्या पानावर होते.

त्यांनी नानांना खुर्ची दिली, चहा ठेवला. नानांनी पुस्तक दोन्ही हातांत घेतलं, चष्मा पुसला, शेवटून बावीस पानं मोजून उघडलं. मी सुटकेचा निःश्वास सोडला. आणि पुस्तक त्यांच्या हातातून घसरून खाली पडलं.

नानांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मान एका बाजूला. मी त्यांना हाका मारत होते आणि माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता. धनाजीरावांनी स्टोव्ह बंद केला, नानांना लहान मुलासारखं उचललं, गाडीत मागे ठेवलं, त्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुमी फकस्त गाडी चालवा. मी हाय."

गावाबाहेर पडलो तेव्हा मागून नानांचा आवाज आला. "पुस्तक?"

"घेतलंय, काका."

"वाचा."

"नाना, बोलू नका," मी म्हटलं.

"मी कुठे बोलतोय. ते वाचताहेत."

आणि धनाजीराव वाचू लागले. स्टोअरमध्ये माल मोजून घेताना नग पुकारावेत तसा एकेक शब्द सुटा आणि खणखणीत. "द. डोअर. ओपन्ड. म्हंजे दार उगडलं." दार उघडल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यो वॉल्टर कोन, काका?"

"पोस्टमास्तर," नाना म्हणाले.

"आनि ही मिल्ड्रेड?"

"त्याची मेव्हणी. पुढे. वर्णनं गाळा, बोलणं वाचा."

मागे जे वाचलं गेलं त्यातलं मला अक्षरही कळलं नाही. मी फक्त नानांचा आवाज ऐकत होते. 'पोस्टमास्तर' आलं की मी आरशातून नजर काढून रस्त्याकडे बघायचे. दोनदा उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा धनाजीरावांनी तोच प्रश्न तीन वेळा विचारला, आवाज न चढवता, आणि आरशात मला दिसलं की ते नानांच्या मनगटावर बोटं ठेवून आहेत. मग नाना हळूच म्हणाले, "सांगितलं ना एकदा. मेव्हणी."

शहरात शिरताना समापाशी एका लग्नाचा वरघोडा आडवा आला. बँडवाले, नाचणारे, घोडा, सगळं रस्त्यात. मी हॉर्नवरून हात काढला नाही. धनाजीरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून "दर्दी छे, दर्दी छे" म्हणून, पेशंट आहे म्हणून सांगितलं, तसा बँड थांबला आणि नाचणाऱ्यांनीच हात पसरून आम्हाला वाट करून दिली. नवरदेव घोड्यावरून वाकून गाडीत बघत होता.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि सोमवार वगैरे काही नाही, आत्ताच, असं सांगितलं. नर्सने सहीचा कागद पुढे केला. नानांनी पेन हातात घेतलं आणि धनाजीरावांना विचारलं, "किती राहिली?"

धनाजीरावांनी पानं चाळली. "सव्वादोन, काका."

मी हात जोडणारच होते. मनात वाक्यंही तयार होती, भांडणाचीही आणि रडण्याचीही. नानांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. त्यांनी सही केली, स्टेनोच्या सुबक अक्षरात, आणि म्हणाले, "धनाजीराव, खूण ठेवा."

मग त्यांना आत नेलं.

निहार कोयलीहून धावतपळत आला. त्याचा पहिला प्रश्न होता, "नाना कसे आहेत?" दुसरा होता, "नाना सावलीला काय करत होते?" मी सगळं सांगितलं, केमिस्टपासून. तो ओरडला असता तर चाललं असतं. त्याने माझ्याकडून चावी घेतली आणि डिकीतली पिशवी आणायला गेला. समोरच्या बाकावर धनाजीराव पुस्तक मांडीवर ठेवून बसले होते. पानांत बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं. मी म्हटलं, वाचा ना, वेळ जाईल. ते म्हणाले, "न्हाई. काकांनी खून ठिवाय सांगितलीया." शेजारच्या बाकावरच्या बाई उठून दुसरीकडे जाऊन बसल्या.

दीड तासाने डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, सगळं ठीक झालं, नाडी सत्तर आहे, संध्याकाळी भेटा. आणि मला म्हणाले, "आणायला उशीर केला नाहीत, बरं झालं." मी मान हलवली. सावलीचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. निहारने आणलेला चहा मी भिंतीला टेकून, जमिनीवर बसून प्यायले. इतका गोड चहा मी घरी कुणाला पिऊ देत नाही. दुसराही घेतला.

संध्याकाळी नानांना भेटायला सोडलं. गालावर रंग आला होता. ते छताकडे बघत होते. मला वाटलं झोप येतेय. पण ते म्हणाले, "सव्वादोन पानं ठेवून गेलो, अस्मिता. आणि आलो."

निहार खिडकीपाशी गेला आणि बाहेरच्या पार्किंगकडे फार बारकाईने बघू लागला. मी नाक पुसलं आणि म्हटलं, "वाचू का आता? पुस्तक धनाजीरावांकडे आहे, ते बाहेरच आहेत."

"नको," नाना म्हणाले. "त्या माणसाला मी मधूनच वाचायला लावलं. त्याला काहीसुद्धा कळलं नाही. त्याला पहिल्यापासून वाचू दे. शेवटची पानं तो आला की सगळे मिळून वाचू. घाई नाही आता."

नानांना घाई नाही, हे खरं आहे. ते सकाळी सुरसागरला फेरी मारून येतात, दुपारी झोपतात आणि संध्याकाळी मला ती गोष्ट सांगतात. मी ऑफिसातून आता साडेसहाच्या ठोक्याला घरी असते. माझा संशय सध्या बाईच्या भावावर आहे. निहारचा मिल्ड्रेडवर आहे. पण नानांचा नियम असा की धनाजीराव जिथवर पोचलेत त्याच्या पुढे एक ओळही सांगायची नाही. पुस्तक सावलीत आहे. धनाजीराव दर रविवारी जेवायला येतात, डिक्शनरीत न सापडलेले शब्द नानांना विचारतात आणि परत जातात.

काल मी त्यांना फोन केला. ते चव्वेचाळिसाव्या पानावर आहेत. पुस्तक तीनशे बारा पानांचं आहे. मी अगदी नम्रपणे विचारलं, रोज दोन पानं जास्त वाचणं जमेल का?

"ताई, काळजी करू नगा," धनाजीराव म्हणाले. "परीक्षा पुडच्या मार्चात हाय."